प्रोग्राम पडला की पाडला?

‘सर्व्हरवरचा प्रोग्राम मध्येच क्रॅश होतो, कधी होईल सांगता येत नाही.’ लिनक्सवर काम करणाऱ्या कुणी असं म्हटलं की मी आधी विचारतो, एक्झिट कोड, म्हणजे प्रोग्राम संपताना मागे ठेवतो तो आकडा, काय आला? १३९ की १३७? बहुतेकांनी तो पाहिलेलाच नसतो आणि दोन दिवस कोड मात्र चाळून झालेला असतो.

१३९ तुमच्या ओळखीचा. १२८ अधिक सिग्नलचा क्रमांक ११, म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट. प्रोग्रामने नको त्या मेमरीला हात लावला आणि तो पडला. कोअर फाइल, म्हणजे पडतानाच्या मेमरीची प्रत, घ्या; जीडीबी या डीबगरमध्ये बॅकट्रेस, म्हणजे कोणत्या फंक्शनमधून कुठे गेला ती साखळी, बघा. जिथे पडला तिथेच चूक असेल असं नाही, म्हणून मेमरीतल्या चुका पकडणारा ॲड्रेस सॅनिटायझर लावून पुन्हा बिल्ड करा.

घोळ होतो तो १३७ मध्ये. १२८ अधिक ९, म्हणजे सिगकिल, प्रोसेस तत्काळ मारणारा सिग्नल. हा प्रोग्राम पडलेला नाही, बाहेरून पाडलेला आहे. कुणी हाताने ‘किल -९’ दिलं तरी हाच कोड येतो, म्हणून डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदींत, ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा. सापडलं तर ते कर्नलच्या ओओएम किलरचं, म्हणजे मेमरी संपली की कुणाला तरी मारणाऱ्या यंत्रणेचं, काम. सिगकिल प्रोग्रामला अडवता येत नाही. त्यामुळे त्याच्या लॉगमध्ये शेवटची नोंद नसते, कोअर फाइलही नसते.

हे अवचित का घडतं? प्रोग्रामने मॅलॉक या फंक्शनने मागितलेली मेमरी लिनक्स बहुधा नुसती कबूल करतं. मेमरीची खरी पानं लागतात ती पहिल्यांदा लिहिताना. मॅलॉकचं उत्तर नल, म्हणजे नकार, आहे का, हे नेटाने तपासणारा प्रोग्रामही म्हणूनच मरतो. शिवाय कर्नल बहुधा सर्वांत जास्त मेमरी धरून बसलेल्याला निवडतो, ऐनवेळी जास्तीची मागणाऱ्याला नव्हे. रात्री बॅकअपची स्क्रिप्ट फुगते आणि जीव जातो डेटाबेसचा. मग डेटाबेसच्या कोडमध्ये काय सापडणार? कंटेनरला, म्हणजे प्रोग्राम वेगळा ठेवणाऱ्या बंदिस्त चौकटीला, स्वतःची मर्यादा घातली असेल, तर मशीनवर मेमरी मोकळी असतानाही हेच घडतं.

यावर ‘रॅम वाढवा’ किंवा ‘आपोआप रीस्टार्ट लावा’ असे सल्ले ऐकले की मला राग येतो. लीक, म्हणजे वापरून झालेली मेमरी परत न करण्याची चूक, असेल तर रॅम वाढवून मरण फक्त पुढे जातं. डेटाबेसला ओओएम किलरने हात लावू नये म्हणून त्याचा ‘ओओएम स्कोअर ॲडजस्ट’ उणे १००० करून ठेवला, तर कर्नल दुसरा कुणी तरी उचलतो. त्यापेक्षा दर मिनिटाला प्रत्येक मोठ्या प्रोसेसचा आरएसएस, म्हणजे रॅममध्ये प्रत्यक्ष व्यापलेली जागा, नोंदवा. आकडा दिवसभर चढतच राहिला तर लीकचा संशय घ्या; एकदम उसळला तर त्या मिनिटाला कोणती फाइल किंवा क्वेरी आली होती ते बघा.