विद्युत् अतिभरण

मोटारीच्या अंतर्ज्वलन एंजिनात जाणारी हवा विजेवर फिरणाऱ्या संपीडकाने दाबून भरण्याच्या पद्धतीस विद्युत् अतिभरण म्हणतात. नेहमीच्या सुपरचार्जरमध्ये संपीडक क्रँकशाफ्टवरून पट्ट्याने फिरतो आणि टर्बोचार्जरमध्ये निष्कास वायूंवर (एंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंवर) चालणाऱ्या टरबाइनने. येथे ते काम पूर्णतः वा अंशतः विद्युत् चलित्र (मोटर) करते.

संज्ञेची व्याप्ती निश्चित नाही. संकुचित अर्थाने ती फक्त टरबाइनशी न जोडलेल्या, निव्वळ विजेवर चालणाऱ्या संपीडकाला लागू होते. व्यापक अर्थाने टर्बोचार्जरच्या दंडावरच चलित्र बसविलेली रचनाही तिच्यात येते. उत्पादकांनी आपापली व्यापारी नावे रूढ केल्याने (बोर्गवॉर्नरचे ‘ई-बूस्टर’, गॅरेटचे ‘ई-टर्बो’) गोंधळ वाढला आहे. दोन्ही रचनांचा हेतू एकच, म्हणजे निष्कास वायूंचा जोर येईपर्यंतची हवेच्या दाबाची उणीव भरून काढणे, हा असल्याने प्रस्तुत नोंदीत व्यापक अर्थ घेतला आहे.

पहिलेपणाचा प्रश्नही या व्याख्येशी निगडित आहे. स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांचे निष्कास वायूंवरील अतिभरणाचे एकस्व (पेटंट) १९०५ मधील आहे. त्यात विजेचा संबंध नाही. १९९० च्या दशकात टर्बोडाइन या कंपनीने विद्युत् साहाय्यित अतिभरणाचे प्रयोग केले. मात्र त्या वेळच्या १२ व्होल्टच्या विद्युत् मंडलांवर अशा यंत्रणेचा निभाव लागणे कठीणच होते. फॉर्म्युला वन शर्यतींत २०१४ पासून १·६ लिटर व्ही-६ एंजिनांच्या टर्बोचार्जरला विद्युत् यंत्र जोडलेले असे. ते संपीडकाला गती देई आणि उलट निष्कास वायूंतून वीजही निर्माण करी. २०२६ च्या नियमांत ते वगळण्यात आले. विक्रीच्या मोटारींपुरते पाहिले, तर संकुचित अर्थाने पहिलेपणाचा मान सामान्यतः २०१६ च्या आउडी एसक्यू७ या डीझेल मोटारीला दिला जातो, तर एकाच दंडावरील चलित्राच्या बाबतीत २०२२ च्या मर्सिडीज-एएमजी एंजिनाचा उल्लेख होतो. हे दोन मान वेगळे ठेवणेच अधिक सयुक्तिक वाटते.

एसक्यू७ मधील व्हालेओनिर्मित संपीडक ४८ व्होल्टवर चालतो, सुमारे ७ किलोवॉट शक्ती घेतो आणि पाव सेकंदाच्या आत मिनिटाला सुमारे ७०,००० फेऱ्यांपर्यंत पोहोचतो. दाबलेली हवा थंड करणाऱ्या शीतकाच्या नंतर, टर्बोचार्जरशी एकसरीत तो असतो. गरज संपली की झडप उघडून हवा त्याला वळसा घालून जाते. त्यामुळे ४ लिटर एंजिनास ९०० न्यूटन-मीटर परिबल (टॉर्क) मिनिटाला १,००० फेऱ्यांपासूनच मिळते, असे उत्पादकाने नमूद केले आहे.

४८ व्होल्टची आवश्यकता साध्या गणिताने पटते. दोन लिटरचे चतुर्घाती (फोर-स्ट्रोक) एंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर सेकंदाला सुमारे १०० लिटर हवा ओढते. वातावरणाच्या दीडपट दाबाने ती भरावयाची आणि संपीडकाची कार्यक्षमता ७० टक्के धरावयाची, तर सुमारे ८ किलोवॉट शक्ती लागते. म्हणजे १२ व्होल्टवर ६५० अँपिअरांहून अधिक प्रवाह हवा. तो साध्या बॅटरीस व वायरींस झेपण्यासारखा नाही. ४८ व्होल्टवर तोच सुमारे १७० अँपिअरांवर येतो. शक्ती मोठी असली तरी काळ अल्प असल्याने ऊर्जा मात्र किरकोळ लागते: ७ किलोवॉट दोन सेकंद म्हणजे १४ किलोजूल, सुमारे ४ वॉट-तास. याच कारणाने हे साधन क्षणिक उणीव भरून काढण्यास योग्य ठरते; अखंड अतिभरणासाठी ते वापरल्यास ती वीज अखेर एंजिनाकडूनच घ्यावी लागेल. बाजारात ‘इलेक्ट्रिक टर्बो’ म्हणून विकल्या जाणाऱ्या शे-दोनशे वॉटच्या पंख्यांचे अतिभरणाशी नाते नावापुरतेच असते, हेही याच हिशेबातून उघड होते.

टर्बोचार्जरच्या दंडावर चलित्र बसविल्यास जागा वाचते. मात्र एका बाजूला तप्त टरबाइन व दुसऱ्या बाजूला संपीडक यांच्यामध्ये सापडलेल्या चलित्राच्या शीतनाचा, तसेच अतिवेगात चुंबक जागी टिकवून धरण्याचा प्रश्न उभा राहतो. त्या बदल्यात टरबाइनची अतिरिक्त शक्ती विजेत रूपांतरित करता येते. २०२४ च्या पोर्शे ९११ कॅरेरा जीटीएसमध्ये ४०० व्होल्टच्या मंडलावर ही व्यवस्था असून चलित्र जनित्र म्हणून ११ किलोवॉटपर्यंत वीज देते. अतिदाब सोडून देणारी वेस्टगेट झडप तेथे ठेवलेलीच नाही.

विजेवरील संपीडक हायड्रोजनच्या इंधन-विद्युत् घटांवर चालणाऱ्या मोटारींतही असतो; तेथे तो घटाला हवा पुरवितो आणि मोटार चालू असेपर्यंत त्याला काम करावे लागते.