कौटुंबिक हिंसाचार प्रतिसाद प्रशिक्षण (मुंबई)

घरात मारहाण, छळ किंवा कोंडमारा सोसणारी बाई मदतीसाठी ज्यांच्यासमोर येऊन उभी राहते, त्यांना तिचे ऐकायला, न बोललेले ओळखायला आणि तिच्या सोबतीने पुढचे पाऊल टाकायला शिकवणारे हे प्रशिक्षण आहे. त्यात रुग्णालयातल्या सिस्टर आणि डॉक्टर येतात, पोलीस ठाण्यातला अंमलदार येतो, तसेच संरक्षण अधिकारी, समुपदेशक, वकील, दंडाधिकारी आणि वस्तीत घरोघर फिरणाऱ्या आरोग्य स्वयंसेविकाही येतात. यांतल्या बहुतेकांना त्यांच्या मूळ शिक्षणात हा विषय पुरेसा शिकवलेला नसतो. मोडलेले हाड कसे बसवायचे हे डॉक्टरला पक्के ठाऊक असते, पण ते कोणी मोडले हे कसे विचारायचे याचा सराव नसतो. मुंबईत हे काम गेली चार दशके चालू आहे. पोलीस यंत्रणेत बसून काम करणारी समाजकार्यकर्ती आणि रुग्णालयातला मदत कक्ष या दोन्ही पद्धती पुढे इतरत्र गेल्या, पण त्यांची सुरुवात या शहरातली.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. हिंसा सोसलेल्यांपैकी कुणाकडे तरी मदत मागितलेल्या मात्र १४ टक्केच होत्या. त्यातही बहुतेकींनी आधी माहेरचा उंबरा गाठला. पोलिसांपर्यंत पोचलेल्या थोड्या आणि डॉक्टरांकडे बोललेल्या त्याहून थोड्या. पण याच बायका दवाखान्यात जात नाहीत असे नाही. डोकेदुखी, अंगावरून जाणे, झोप न लागणे, पोटात दुखणे अशा तक्रारी घेऊन त्या ओपीडीच्या रांगेत बसलेल्याच असतात. त्यांची गाठ पडणाऱ्या माणसाला ओळखता आले पाहिजे, एवढी साधी गरज या सगळ्या प्रशिक्षणामागे आहे. बाई एकदा धीर करून बोलते. त्यावर ‘घरचं प्रकरण आहे, सांभाळून घ्या’ असे उत्तर मिळाले, तर पुढची काही वर्षे ती तोंड उघडत नाही.

मुंबईतली सुरुवात स्त्री चळवळीतून झाली. मथुरा बलात्कार खटल्यात आरोपी पोलिसांना निर्दोष सोडणाऱ्या निकालाविरुद्ध १९८० मध्ये उभ्या राहिलेल्या मंचातून पुढे ‘फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेन’ आकाराला आला. त्याच्या कार्यकर्त्यांकडे घरात मार खाणाऱ्या बायकाही येऊ लागल्या. १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ आले आणि विवाहितेचा छळ हा स्वतंत्र गुन्हा ठरला. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांसोबत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तिथली समाजकार्यकर्ती पोलिसांच्याच इमारतीत बसे, पण ती पोलीस नसे. शेजारच्या टेबलावर बसून रोजच्या रोज दाखवत राहणे हेच पोलिसांचे प्रशिक्षण ठरले, आणि एका दिवसाच्या व्याख्यानापेक्षा ते खोलवर रुजले असे म्हणायला जागा आहे. पुढे असे कक्ष महाराष्ट्रभर आणि इतर राज्यांतही निघाले. स्वतः हिंसक लग्नातून बाहेर पडलेल्या फ्लेविया अ‍ॅग्नेस यांनी वकिलीकडे वळून ‘मजलिस’ ही संस्था उभी केली, तेव्हा बाईची बाजू मांडणाऱ्या वकिलांची घडणही या कामात आली.

आरोग्यव्यवस्थेतला मोठा टप्पा म्हणजे ‘दिलासा’. ‘सेहत’ ही संशोधन संस्था आणि बृहन्मुंबई महानगरपालिका यांनी २००० मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात हे केंद्र उभारले. हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी रुग्णालयात चालणारे देशातले हे पहिले केंद्र मानले जाते. रुग्णालयाच्या आवारात कुणा बाहेरच्या संस्थेला एक खोली देऊन मोकळे व्हायचे नाही, असे इथे ठरले. दिलासा हा रुग्णालयाचाच एक विभाग झाला. सिस्टर, डॉक्टर आणि इतर कर्मचारी यांच्यातूनच प्रशिक्षकांचा एक गट तयार केला गेला आणि त्यांनी सहकाऱ्यांना शिकवायचे अशी रचना झाली. यातले शहाणपण रुग्णालयात वावरलेल्या कुणालाही पटेल. बाहेरून आलेल्या कार्यकर्तीने सांगितलेले वॉर्डातल्या सिस्टर शांतपणे ऐकून घेतात. वीस वर्षे सोबत ड्यूटी केलेल्या सिस्टरने सांगितले की त्या प्रश्न विचारतात, हुज्जत घालतात आणि मग करून पाहतात. नंतर कुर्ल्याच्या भाभा रुग्णालयात आणि पुढे राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानातून पालिकेच्या इतर रुग्णालयांत दिलासा केंद्रे निघाली.

या प्रशिक्षणात प्रत्यक्ष काय शिकवतात ते कॅज्युअल्टीतल्या एका नेहमीच्या प्रसंगावरून कळेल. मनगट सुजलेली बाई येते. सोबत नवरा. डॉक्टर तिला विचारतात, उत्तर तो देतो: ‘बाथरूममध्ये पाय घसरला.’ ती मान हलवते. कागदावर ‘पडल्यामुळे दुखापत’ असे येते आणि प्रकरण संपते. प्रशिक्षण घेतलेली सिस्टर इथे वाद घालत नाही. ‘तुम्ही केस पेपर काढून आणा, मी यांना वजन करायला आत घेते,’ असे म्हणून ती दोघांना वेगळे करते. मग पडद्याआड, खाली बसून, हळू आवाजात: ‘अशी इजा पडून सहसा होत नाही. घरी कुणी हात उगारतं का? बऱ्याच बायकांच्या बाबतीत होतं, म्हणून आम्ही सगळ्यांनाच विचारतो.’ शेवटचे वाक्य घोकून घेतले जाते, कारण त्याने आपल्यालाच हेरले आहे ही तिची भीती जाते. ती ‘नाही’ म्हणाली तरी खोदून विचारायचे नाही. हे दार उघडे आहे, एवढे कळवून थांबायचे.

शब्दांची निवड हा या शिक्षणाचा मोठा भाग आहे. ‘तुमच्यावर कौटुंबिक हिंसाचार होतो का?’ या प्रश्नाला मुंबईत जवळजवळ कुणीच ‘हो’ म्हणत नाही. बाई ‘त्रास आहे’, ‘खटके उडतात’, ‘प्यायला की हात चालतो’, ‘थोडंफार कुठल्या घरात होत नाही?’ असे बोलते. हिंदी बोलणारी ‘झगडा’ म्हणते आणि त्यात फुटलेला ओठही येतो. समुपदेशकाला तिचे शब्द उचलून पुढे जावे लागते. ‘थोडंफार’ म्हणजे किती, कशाने, पोरांसमोर का, असे विचारत जावे लागते. गळा आवळला होता का हे मात्र स्पष्टच विचारायला शिकवतात. गळा आवळल्याच्या खुणा कित्येकदा बाहेरून दिसत नाहीत आणि पुढे जीव जाण्याचा तो सर्वांत ठळक इशाऱ्यांपैकी एक आहे. आवाज बसला, गिळताना दुखते, डोळ्यांत रक्त उतरले, यांकडे बघायचे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये आरोग्यसेवकांसाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली. ऐका, गरजा विचारा, तिच्यावर विश्वास ठेवल्याचे सांगा, सुरक्षितता वाढवा, पुढच्या मदतीशी जोडून द्या, अशी प्रथम प्रतिसादाची पाच कामे त्यांवर बेतलेल्या २०१४ च्या पुस्तिकेत मांडली आहेत. यांतले तिसरे सर्वांत अवघड जाते. ‘तुमची चूक नाही’ हे तीन शब्द तोंडातून काढायला अनुभवी डॉक्टरही सरावात अडखळतात.

नोंद लिहिण्यावर तेवढाच भर असतो. बाईने सांगितले तसे, तिच्या शब्दांत, कुणी, कशाने, कधी मारले ते केस पेपरवर आणि गरज असेल तिथे पोलीस आणि कोर्टासाठीच्या मेडिको-लीगल नोंदीत आले पाहिजे. जखमेचा आकार, जागा, रंग यांसकट. दोन वर्षांनी कोर्टात तिच्या बाजूने उभा राहणारा हा एकमेव कागद असू शकतो. फिनेल, उंदराचे औषध किंवा गोळ्या घेऊन आलेल्या बायकांबाबतही हेच. पोटातले विष धुऊन, ‘चुकून प्यायली’ असे लिहून घरी पाठवणे ही जुनी सवय. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरायचे, हे मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ सांगतो. तिला डिस्चार्जआधी समुपदेशकाकडे पाठवावे, असे मुंबईतल्या प्रशिक्षणांत आवर्जून शिकवले जाते.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा २६ ऑक्टोबर २००६ रोजी अमलात आला आणि प्रशिक्षणाचा विषय एकदम विस्तारला. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक अशा चारही हिंसा कायद्याने मोजल्या. बाईला अर्ज करायला आणि मदत मिळवायला साहाय्य करणारे संरक्षण अधिकारी हे नवे पद आले. दंडाधिकाऱ्याकडून संरक्षण, निवास, पैसा, मुलांचा ताबा आणि भरपाई हे सगळे एकाच अर्जात मागता येऊ लागले. पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत आणि निकाल पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत द्यावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात किती लांबते हे कोर्टाच्या बाकांवर बसणाऱ्या बायकांना विचारावे, आणि हे वास्तव तिला पहिल्याच भेटीत प्रामाणिकपणे सांगायला समुपदेशकाने शिकलेच पाहिजे.

पोलिसांच्या प्रशिक्षणात याच कायद्याच्या पाचव्या कलमावर जोर असतो. आलेल्या बाईला अर्जाचा हक्क, संरक्षण अधिकारी, सेवा देणाऱ्या संस्था, मोफत कायदेशीर मदत आणि फौजदारी तक्रारीचा मार्ग यांची माहिती देणे हे पोलिसाचे कर्तव्य आहे. कितीही कमावती असली तरी स्त्रीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, हे बऱ्याच अंमलदारांना वर्गातच पहिल्यांदा कळते. एनसी (अदखलपात्र तक्रार) लिहून, नवऱ्याला बोलावून दम देऊन दोघांना परत पाठवणे ही ठाण्यावरची रूढ वाट. त्या रात्री घरी गेल्यावर काय होते, या एका प्रश्नावर चर्चा घडवली की वर्गाची हवा बदलते.

संरक्षण अधिकाऱ्याचे मुख्य हत्यार म्हणजे घटनेचा अहवाल, ज्याला सगळे ‘डीआयआर’ म्हणतात. हा छापील नमुना भरण्याचा सराव हा प्रशिक्षणातला तास-दोन तासांचा भाग असतो आणि तो फार शिकवतो. मारहाणीचे रकाने भराभर भरले जातात. आर्थिक हिंसेपाशी पेन थांबते. पगाराचे एटीएम कार्ड काढून घेणे, किराण्याला पैसे न देणे, दागिने गहाण टाकणे, नोकरी सोडायला लावणे, हे तिथे लिहायचे हे सुचत नाही. मुलगी झाली म्हणून टोमणे हीही हिंसाच, हे त्या नमुन्यातच छापलेले आहे.

समुपदेशनाबद्दल सर्वांत जास्त घोळ आहे. आपल्याकडे समुपदेशन म्हणजे तडजोड असे समीकरण बसले आहे: दोन्हीकडची वडीलधारी बोलवायची, ‘टाळी एका हाताने वाजत नाही’ म्हणायचे आणि बाईला नांदायला पाठवायचे. कायद्याखालचे २००६ चे नियम याच्या उलट आहेत. समुपदेशनात हिंसेचे समर्थन नवऱ्याला मांडू द्यायचे नाही आणि हिंसा पुन्हा होणार नाही अशी हमी घ्यायची, असे ते सांगतात. तडजोड करायची की नाही हे बाई ठरवेल, मारणे थांबले पाहिजे हे मात्र वाटाघाटीत नाही. एवढी एक गोष्ट समुपदेशकाच्या अंगवळणी पडली तरी प्रशिक्षणाचे निम्मे काम झाले असे मी मानतो.

त्याच नियमांत सुरक्षा योजनेचाही एक नमुना आहे. मुंबईत ती योजना इथल्या घरांच्या मापाने आखावी लागते. दहा बाय दहाच्या खोलीत दुसऱ्या खोलीत निघून जाण्याची सोय नसते. दाराजवळ राहा आणि मोरीत अडकू नका, असे सांगावे लागते. आधार कार्ड, रेशन कार्ड, मुलांचे जन्मदाखले, बँकेचे पासबुक आणि थोडे पैसे यांची पिशवी कुणाकडे ठेवायची? शेजारीण विश्वासाची असेल तर ती रात्री दार उघडेल का? ११२ (आपत्कालीन मदत) आणि १८१ (महिला हेल्पलाइन) हे क्रमांक मोबाइलमध्ये कुठल्या नावाने साठवायचे? अकरा महिन्यांचा करार आणि डिपॉझिट यांच्या या शहरात ‘वेगळी राहा’ हा सल्ला फुकट देता येतो, जागा फुकट मिळत नाही. म्हणूनच निवासाच्या हक्काला इथे विशेष महत्त्व आहे. खोली सासूच्या नावावर आहे एवढ्याच कारणाने सुनेचा त्या घरात राहण्याचा हक्क नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या सतीश चंदर आहुजा खटल्यातल्या निकालाने बळकट केले. २०१६ मध्ये मुंबईतूनच गेलेल्या हिरल हरसोरा प्रकरणात, अर्ज कुणाविरुद्ध करता येतो हे सांगणाऱ्या व्याख्येतले ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द रद्द झाले आणि घरातल्या स्त्रियांविरुद्ध अर्ज करण्यातला अडसर दूर झाला. १ जुलै २०२४ पासून ४९८-अ ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ आणि ८६ ने घेतली. जुन्या नोट्स घेऊन बसलेल्या प्रशिक्षकाला दर थोड्या काळाने असे हलवावेच लागते.

दंडाधिकाऱ्यांचे शिक्षण भाईंदरजवळ उत्तन इथल्या महाराष्ट्र न्यायिक अकादमीत होते. धारावीसारख्या वस्त्यांत ‘स्नेहा’ या संस्थेने स्थानिक स्त्रियांनाच हिंसा ओळखायला आणि शेजारणीला मदतीपर्यंत न्यायला तयार केले. घरात डोकावू शकणाऱ्या या बायकांपर्यंत बातमी ठाण्याच्या कितीतरी आधी पोचते.

दिवसभर अशाच कहाण्या ऐकणाऱ्या माणसावरही परिणाम होतो. झोप उडते, स्वतःच्या घरातल्या बोलण्याचे अर्थ बदलून ऐकू येतात, किंवा हळूहळू काहीच वाटेनासे होते. प्रशिक्षणाला बसलेल्या सिस्टर आणि हवालदार बायकांमध्येही स्वतः मार खाणाऱ्या असतात. नाटुकल्यात ‘बाई’ची भूमिका करताना एखादी मध्येच गप्प होते, तेव्हा वर्ग थांबवून तिला बाहेर नेणारे माणूस आधीच नेमून ठेवलेले असावे.

सरकारी व्यवस्थेतली सर्वांत मोठी अडचण मात्र साधी आहे: बदली. शिकलेला अंमलदार दोन-तीन वर्षांत दुसऱ्या ठाण्यावर जातो, तयार झालेल्या सिस्टर निवृत्त होतात, निवासी डॉक्टर सतत बदलत असतात. २००५ च्या कायद्याच्या अकराव्या कलमाने पोलीस, सरकारी अधिकारी आणि न्यायाधीशांचे प्रशिक्षण सरकारवर बंधनकारक केले आहे, आणि तिथे कायदा एकदाच्या शिबिरावर थांबत नाही. ते ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा द्यायचे, असे तो सांगतो.