रेरा नंबर नाही म्हणून बांधकाम बेकायदा?

वडोदऱ्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याकडे जुना वाडा पाडून फ्लॅट उभे राहू लागले की तोच मेसेज फिरतो: ‘रेरा नंबर नाही? मग बिल्डिंग बेकायदा, टोकन देऊ नका.’

सावधगिरी रास्तच, निष्कर्ष मात्र चुकतो. रेरा म्हणजे बांधकाम योजनांच्या नोंदणीचा 2016 चा कायदा. त्याचं कलम 3 छोट्या योजनांना नोंदणीतून सूट देतं: जमीन 500 चौरस मीटरपर्यंत, किंवा सगळे टप्पे धरून फ्लॅट 8 पर्यंत. आपल्याकडचे जुने प्लॉट तोंडाला अरुंद आणि आत लांबलचक. 18 फूट रुंद, 90 फूट खोल धरला तर जेमतेम 150 चौरस मीटर भरतात. तिथे नंबर नसणं स्वाभाविकच.

बांधकामाची परवानगी ही वेगळी गोष्ट. ती महापालिकेची, इथे सगळे रजाचिठ्ठी म्हणतात ती. छोट्या इमारतीलाही तिच्यातून सूट नाही. तेव्हा रजाचिठ्ठी आणि मंजूर नकाशा मागा. नकाशावरचं प्लॉटचं क्षेत्रफळ बघा, फ्लॅट मोजा. दोन्ही आकडे मर्यादेबाहेर असूनही नंबर नसेल, तर शंका खरी. अशा योजनेची नोंदणीआधी जाहिरातसुद्धा करता येत नाही. नंबर असेल तर रेराच्या पोर्टलवर टाकून तोच पत्ता निघतो का पाहा.

मालकीसाठी मात्र प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे सिटी सर्व्हेची जमिनीची नोंद, तपासायचं. वाड्यात चार भावांची नावं असतात आणि सही एकाचीच. ही भानगड जास्त नडते. ताबा घेताना बी.यू. परमिशन, म्हणजे इमारत वापरायची परवानगी, मागायला विसरू नका.