'--नो-' आणि तीन ठिपके: टॅबच्या यादीमागची गोष्ट

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्राम, आणि 'कमिट' ही बदल नोंदवायची त्याची कमांड. टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, 'गिट कमिट --' एवढं लिहून दोनदा टॅब दाबला की ऑप्शनची, म्हणजे कमांडला जोडायच्या सूचनांची, लांबलचक यादी खाली येते. तिच्यात '--नो-व्हेरिफाय' पूर्ण नावानिशी दिसतो. पण आधीचा कमिट दुरुस्त करणाऱ्या '--अमेंड'ला जोडून मी रोज वापरतो तो '--नो-एडिट' (कमिटचा संदेश तसाच ठेवणारा) त्या यादीत नसतो. त्याच्या जागी '--नो-...' अशी एक नोंद असते, शेवटी तीन ठिपके असलेली. हे ठिपके कुणीतरी नीट विचार करून ठेवलेले आहेत, आणि तिथवर पोचायला जवळपास पन्नास वर्षं लागली.

अर्धा शब्द लिहायचा आणि उरलेला यंत्राकडून पुरा करून घ्यायचा, ही सोय टेनेक्समध्ये होती. अमेरिकेतल्या बीबीएन कंपनीने पीडीपी-१० संगणकासाठी १९७०च्या सुमारास तयार केलेली ही ऑपरेटिंग सिस्टिम. तिथे त्यासाठी एस्केप की दाबत. केन ग्रीर यांना ती सोय इतकी आवडली की १९७५ साली कार्नेगी मेलनमध्ये त्यांनी तसंच काही लिहायला घेतलं आणि १९८१मध्ये ते सी शेलला जोडलं. शेल म्हणजे टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम. त्यातून झालेल्या शेलच्या 'टीसीएसएच' या नावातला 'टी' टेनेक्सचाच. पुढे बॅश आणि झेडएसएच हे शेल आले. २०००च्या आसपास बॅशला असं शिकवता येऊ लागलं, की अमुक कमांडनंतर टॅब दाबला तर अमुक पर्याय सुचव. तेव्हापासून फाइलींच्या नावांबरोबर ऑप्शनही टॅबच्या कक्षेत आले.

नकाराचा, म्हणजे एखादी गोष्ट बंद करणाऱ्या ऑप्शनचा, प्रवास मात्र वेगळ्या वाटेने चालला होता. बॉर्न शेलच्या घराण्यात 'सेट -एक्स' म्हटलं की गोष्ट सुरू होते आणि 'सेट +एक्स' म्हटलं की बंद. उणे चालू करतं आणि अधिक बंद करतं, हे आजही नवख्या माणसाला समजावून सांगावं लागतं. व्हीआय एडिटरने 'नंबर'ला सरळ 'नो' जोडून 'नोनंबर' केलं. कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणाऱ्या जीसीसी कंपायलरने '-एफ'पासून सुरू होणाऱ्या ऑप्शनांसाठी '-एफनो-' हे रूप घेतलं. त्याच्या मॅन्युअलमध्ये एक स्पष्ट सूचना आहे: बहुतेक ऑप्शनांना होकारी आणि नकारी अशी दोन्ही रूपं आहेत, पण इथे एकाचीच नोंद केली आहे, जे मुळात लागू नसतं त्याची. जोडीतलं दुसरं रूप वाचणाऱ्याने स्वतः ओळखायचं. मला हा निर्णय तेव्हाही पटला होता, कारण छापील पानावर तीच गोष्ट दोनदा वाचायला कुणालाच आवडत नाही.

इथे भाषेचाही एक मुद्दा आहे. आपण 'कर' आणि 'करू नकोस' म्हणतो, नकार मागून येतो. ऑप्शनांचं तसं असतं तर 'एडिट' आणि त्याचा नकार वर्णक्रमाने लावलेल्या यादीत शेजारी बसले असते. नकार पुढे लागत असल्यामुळे सगळी नकारी रूपं एकाच ठिकाणी गोळा होतात आणि आपापल्या जोडीदारापासून लांब पडतात.

गिटमध्ये हे प्रकरण हाताबाहेर गेलं ते २००७नंतर. त्या वर्षी पिएर आबुझी यांनी ऑप्शन वाचण्याचं काम एका सामायिक भागाकडे सोपवलं. प्रोग्रामरने 'एडिट' हा ऑप्शन जाहीर केला की '--नो-एडिट' आपोआप चालू लागतो, वेगळं काही लिहावं लागत नाही. नको असेल तिथे तसं मुद्दाम सांगायचं. ही रूपं हौसेची नव्हेत. प्रत्येक कमिटवर डिजिटल सही व्हावी असं कॉन्फिगमध्ये, म्हणजे गिटच्या सेटिंगमध्ये, कायमचं लिहून ठेवलं असेल, तर एकाच कमिटपुरती सही टाळायला '--नो-जीपीजी-साइन' लागतोच.

पण टॅबला यातलं काही ठाऊक नव्हतं. टॅब दाबल्यावर गिटचे पर्याय सुचवणाऱ्या, शॉन पिअर्स यांनी २००६मध्ये सुरू केलेल्या बॅशच्या स्क्रिप्टमध्ये ऑप्शनच्या याद्या हाताने लिहिलेल्या होत्या. मूळ प्रोग्राममध्ये नवा ऑप्शन आला आणि स्क्रिप्टमध्ये तो घालायचा राहिला, की टॅबच्या दृष्टीने तो नव्हताच. यावर उपाय केला न्गुयेन थाय न्गॉक झुय यांनी. २०१८च्या एप्रिलमध्ये आलेल्या गिट २.१७पासून स्क्रिप्ट खुद्द कमांडलाच '--गिट-कम्प्लिशन-हेल्पर' या छुप्या ऑप्शनने विचारू लागली, तुझ्याकडे काय काय आहे?

आता नकारी रूपंही त्याच वाटेने मागता येणार होती. पण सगळी दाखवली तर यादी जवळजवळ दुप्पट होते आणि हवा तो ऑप्शन गर्दीत हरवतो. झुय यांचा तोडगा त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये २.१९मध्ये आला. हेल्पर जी ओळ छापतो तिच्या मध्येच एक मोकळा '--' असतो, भिंतीसारखा. अलीकडे होकारी रूपं आणि प्रोग्रामरने मुळातच 'नो' लावून जाहीर केलेले '--नो-व्हेरिफाय'सारखे ऑप्शन. पलीकडे आपोआप तयार झालेले नकार. बॅश वाचत वाचत भिंतीशी पोचलं की थांबतं आणि '--नो-...' एवढंच दाखवतं. तुम्ही '--नो-'पर्यंत लिहिलं असेल तर मात्र ते भिंत ओलांडून सगळं वाचतं.

यातली बारीक कारागिरी '--एन' लिहून टॅब दाबल्यावर दिसते. '--नो-व्हेरिफाय' आणि '--नो-...' या दोघांत समान असलेला भाग म्हणजे '--नो-', तेवढाच ओळीत भरला जातो. शेजारी खरा ऑप्शन नसता तर तीन ठिपकेच कमांडमध्ये येऊन पडले असते. आणि नकार पुढे लागतो ही जी अडचण होती, तिचाच इथे उपयोग झाला: सगळ्यांची सुरुवात एकच असल्यामुळे त्यांना एका नोंदीत गुंडाळता आलं.

इतरांनी आपापले मार्ग काढले. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या ३.९ आवृत्तीत, २०२० साली, एका ऑप्शनवरून दोन्ही रूपं तयार करायची सोय आली, आणि मदतीच्या मजकुरात ती शेजारी-शेजारी दिसतात. गिटची 'गिट कमिट -एच' ही थोडक्यातली मदत मात्र नकारांबद्दल बराच काळ गप्प होती. २०२३मध्ये तिथे '--[नो-]एडिट' असं लिहिलं जाऊ लागलं. टॅब न दाबता नुसती मदत वाचणाऱ्याला हे रूप पहिल्यांदा कळलं, ते चालू होऊन पंधराएक वर्षं झाल्यावर.