रोख की हप्ते? बिल बनण्याआधी ठरवा

गाडी पसंत पडली, रंग ठरला, की टेबलावर पुढचा प्रश्न येतो: "रोख घेऊ की लोन करू?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर घराघरात वेगळं असतं. आमची अडचण वेगळीच आहे. ठरलेलं उत्तर बिल झाल्यावर बदलतं.

होतं असं. रोखीनं घ्यायचं ठरतं, बुकिंगची रक्कम भरली जाते, आम्ही बिल करतो, विमा उतरवतो, नोंदणीचे कागद पुढे पाठवतो. मग डिलिव्हरी तोंडावर आली असताना फोन येतो, "आमचे मेहुणे म्हणतात, ठेव मोडू नका, कर्ज काढा." कर्जाच्या गाडीवर कर्ज देणाऱ्याचा बोजा, म्हणजे कर्ज फिटेपर्यंतचा हक्क, असतो आणि तो बिलावर, विम्याच्या पॉलिसीवर आणि नोंदणीवर असा तिन्हीकडे दिसावा लागतो. म्हणजे जुनं बिल रद्द, नवं बिल, विम्यात दुरुस्ती, आणि नोंदणी होऊन गेली असेल तर बोजा चढवण्याचा वेगळा अर्ज. तोवर कर्जाची मंजुरीही यायची असते. गाडी आमच्या आवारात धूळ खाते आणि चिडचिड दोन्हीकडे होते. उलटा बदलही सोपा नाही. कर्जाचे पैसे आमच्याकडे जमा झाल्यावर "रोखच भरतो" म्हटलं, तर प्रोसेसिंग फी सहसा परत मिळत नाही आणि मधल्या दिवसांचं व्याज लागू शकतं.

म्हणून बुकिंगच्या वेळीच आम्ही विचारतो, पैसे कसे भरणार? काहींना वाटतं, आम्ही त्यांच्या खिशाचा अंदाज घेतोय. तसं काही नाही. कागद कोणत्या वाटेनं जाणार, ते या एका उत्तरावर ठरतं.

मेहुण्यांचा हिशोब

बेत बदलण्यामागे बहुतेक वेळा एकच हिशोब असतो, तेव्हा तो इथेच करून टाकू. समजा, १,००,००० इतकी रक्कम ठेवीत आहे आणि तेवढंच कर्ज मिळतंय. ठेवीवर व्याज ७ टक्के, कर्जावर १० टक्के, मुदत दोन्हीकडे ५ वर्षं. ठेवीचं व्याज दरमहा मुद्दलात मिळवत गेलं तर ५ वर्षांनी सुमारे १,४१,८०० होतात. कर्जाचा हप्ता साधारण २,१२५ बसतो आणि एकूण व्याज जातं सुमारे २७,५००. मेहुणे म्हणतात, ४१,८०० आले, २७,५०० गेले, म्हणजे कर्ज काढूनही १४,३०० चा फायदा!

आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष चुकलाय. ठेव पाचही वर्षं पूर्णच्या पूर्ण वाढते, कर्जाची बाकी मात्र दर महिन्याला उतरते. म्हणून दर जास्त असूनही व्याजाचा आकडा लहान दिसतो. आणि ती बाकी उतरवायला दरमहा जे २,१२५ लागतात, ते पगारातून जातात. त्यांना या हिशोबात कुणी धरलेलंच नाही. ज्यानं ठेव मोडून रोखीनं गाडी घेतली, त्याच्या हातात दर महिन्याला हेच २,१२५ उरतात. ते त्यानं त्याच ७ टक्क्यांनी साठवत नेले तर ५ वर्षांनी सुमारे १,५२,१०० होतात. म्हणजे रोखीवाला १०,३०० नं पुढे. ठेवीच्या व्याजावर कर लागत असेल तर कर्जाची बाजू आणखी पडती होते, कारण मोठी ठेव पहिल्या दिवसापासून कर्जवाल्याकडेच असते.

एक अट मात्र आहे. रोखीवाल्यानं तो हप्ता खरोखर बाजूला टाकला पाहिजे. तो महिन्याच्या खर्चात विरून जाणार असेल, तर पाच वर्षांनी त्याच्याकडे फक्त जुनी गाडी उरते, आणि कर्जवाल्याकडे जुनी गाडी आणि ठेव. हप्त्याची शिस्त ज्यांच्या कामी येते अशी माणसं आम्ही पाहतो. त्यात कमीपणा काही नाही.

मग कर्ज कधी घ्यावं? सगळी शिल्लक गाडीतच जाणार असेल, तेव्हा. आजारपण आलं किंवा नोकरी सुटली तर घाईनं घेतलेलं वैयक्तिक कर्ज गाडीच्या कर्जापेक्षा सहसा महाग पडतं, कारण त्याला तारण नसतं. आमचा सल्ला असा की सहा महिन्यांचा घरखर्च हातात राहील इतकी रक्कम सोडावी, उरलेली डाउन पेमेंटला लावावी आणि कमी पडेल तेवढंच कर्ज घ्यावं. गाडी धंद्यासाठी असेल तर गणित वेगळं: खेळतं भांडवल गाडीत अडकवण्यापेक्षा हप्ता बरा पडू शकतो. कर सल्लागाराला विचारून घ्या.

"हप्ता किती बसेल?"

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि खरं सांगायचं तर तो विक्रेत्याच्या सोयीचा आहे. मुदत वाढवली की कोणताही हप्ता बसतो. वरचंच १० टक्क्यांचं कर्ज ३ वर्षांत फेडलं तर व्याज सुमारे १६,२०० जातं. ७ वर्षांवर नेलं तर हप्ता २,१२५ वरून १,६६० वर येतो खरा, पण व्याज ३९,५०० च्या घरात जातं. त्यातही डाउन पेमेंट थोडं असेल तर पहिली काही वर्षं गाडीच्या बाजारभावापेक्षा कर्जाची बाकी मोठी असते. तेव्हा गाडी विकायची म्हटली तर पदरचे पैसे घालावे लागतात. अपघातात गाडी पूर्ण निकामी झाली तर विम्याची रक्कम आधी कर्जाकडे वळते आणि ती पुरी पडेलच असं नाही.

दर ऐकताना तो फ्लॅट आहे की घटत्या बाकीवरचा, एवढं विचाराच. ७ टक्के फ्लॅट म्हणजे पूर्ण मुदतभर मूळ रकमेवरच ७ टक्के. १,००,००० वर ५ वर्षांचे ३५,००० आणि हप्ता २,२५०. तोच हप्ता घटत्या बाकीच्या भाषेत मांडला तर दर निघतो साडेबारा टक्क्यांच्या आसपास. "७ टक्के" ऐकून १० टक्क्यांचा चांगला प्रस्ताव नाकारलेले ग्राहक आम्हाला भेटतात. आमच्या कोटेशनवर दर घटत्या बाकीवरचाच लिहिलेला असतो. बाहेरच्या कोटेशनशी ताडून बघायचं असेल तर दोन्ही कागद घेऊन या. गाडी आमच्याकडून घेणार नसलात तरी मांडून देऊ.

बिनव्याजी योजनेबद्दल थोडक्यात. तिथे रोखीची सूट बहुधा मिळत नाही, व्याज त्या सुटीत लपलेलं असतं. रोखीला ५ टक्के सूट आहे आणि बिनव्याजी ३ वर्षांत पूर्ण किंमत भरायची आहे, तर त्याचा खरा दर सुमारे ३.४ टक्के पडतो. वर प्रोसेसिंग फी असेल तर आणखी. तुमची ठेव कर वजा जाता याहून जास्त देत असेल तर योजना खुशाल घ्या. नावात "बिनव्याजी" आहे म्हणून घेऊ नका आणि फसवणूक समजून टाळूही नका.

आमचं कमिशन

हो, कर्ज आमच्यामार्फत झालं तर कर्ज देणारी संस्था आम्हाला मोबदला देते. लोक दबक्या आवाजात विचारतात, म्हणून छापूनच टाकलं. त्या बदल्यात अर्ज भरणं, कागदांचा पाठपुरावा आणि कर्ज फिटल्यावर बोजा उतरवण्याच्या अर्जासाठी मदत आम्ही करतो. तुमच्या बँकेत दर कमी मिळत असेल तर तिथूनच घ्या. गाडीची किंमत त्यानं बदलत नाही, फक्त मंजुरीपत्र बिलाआधी आमच्याकडे आलं पाहिजे, कारण बोजा कुणाच्या नावे चढवायचा ते त्यावरूनच लिहितो.

रोखीवाल्यांसाठी एवढंच: रोख म्हणजे नोटांची बंडलं नव्हेत. रक्कम खात्यातून खात्यात वळवा, आणि गाडी ज्याच्या नावावर होणार त्याच्याच खात्यातून आली तर उत्तम. ठेव मोडायची असेल तर मुदतीआधी मोडल्याचा दंड आधी विचारून घ्या. मुदत संपायला थोडेच दिवस राहिले असतील तर तेवढं थांबा, आम्ही बिल त्या तारखेनंतरचं करू.

कर्ज घेणार असाल तर मुदतीआधी फेडल्यास काय आकार लागतो, हे सहीच्या आधी लेखी घ्या. बुकिंगला येताना घरात ज्यांचं मत शेवटचं असतं त्यांनाही सोबत आणा. मेहुणे आले तरी चालेल. हिशोबाचा कागद त्यांच्यासमोरच मांडू आणि बिल दुसऱ्या दिवशी करू.