एकाच पाण्यात दोन ऋतू

जुलै महिन्यातली पहाट. अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवर जी पाच महासरोवरं आहेत, त्यांतल्या ईरी सरोवराच्या पूर्वेकडे, न्यूयॉर्क राज्यातल्या डंकर्क बंदरातून निघालेल्या बोटीवरून पाण्यात हात घातला, तर पाणी बऱ्यापैकी कोमट लागतं. साधारण २२ अंश सेल्सिअस. त्याच जागी दोरीला बाटली बांधून ३० मीटर खाली सोडली, तिथेच भरून घेतली आणि वर ओढली, तर ती फ्रिजमधून काढल्यासारखी गार असते. वर उन्हाळा, खाली हिवाळा. आणि या दोन्हींच्या मध्ये काही मीटर जाडीचा एक पट्टा, ज्यात पाणी भराभर थंड होत जातं. या पट्ट्याला थर्मोक्लाइन म्हणतात.

या दोन ऋतूंमध्ये दोन वेगळे मासे राहतात. वरच्या मजल्यावर वॉलाय: सोनेरी-तपकिरी अंगाचा, टोकदार दातांचा, काचेच्या गोटीसारख्या मोठ्या डोळ्यांचा शिकारी. खालच्या मजल्यावर लेक ट्राउट: सामनच्या कुळातला, करड्या-हिरव्या अंगावर फिकट ठिपके असलेला, सावकाश वाढणारा आणि पुष्कळ जगणारा. वॉलायला २० ते २३ अंशांचं पाणी मानवतं, लेक ट्राउटला १० अंशांच्या आसपासचं. दोघांमधलं अंतर मोजायला गेलं तर कधीकधी एखाद्या चारमजली इमारतीएवढंसुद्धा नसतं.

अशा माशाला आपल्यासारखं स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. भोवतालच्या पाण्याचं जे तापमान, तेच त्याचं. पचन किती वेगाने होणार, स्नायू किती जोर लावणार, प्राणवायू किती लागणार, हे सगळं त्यावर ठरतं. म्हणून मासा जागा निवडतो तेव्हा खरं तर तापमान निवडत असतो. मोठ्या सरोवरात मासे शोधणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. त्यांची सगळी अवजारं एकाच प्रश्नाभोवती घडली आहेत: हवं ते तापमान आज किती खोलीवर आहे, आणि आपलं आमिष तिथे न्यायचं कसं?

पाण्याचे असे मजले पडतात याचं कारण शाळेत शिकलेलं असतं, पण तिथेच सोडून दिलेलं असतं. पाणी सर्वांत जड असतं ते चार अंशांना. त्याहून गरम झालं की हलकं होतं, आणि त्याहून थंड झालं तरीही हलकंच होतं. वसंतात बर्फ वितळून सगळं सरोवर चार अंशांच्या आसपास येतं, तेव्हा वारा ते वरपासून खालपर्यंत सहज ढवळून काढतो. मग ऊन वाढतं, वरचं पाणी तापून हलकं होतं आणि तेलासारखं वर तरंगत राहतं. वारा त्या वरच्या थराला घुसळतो, पण खालच्या जड पाण्याला वर आणण्याइतकी ताकद त्याच्यात उरत नाही. खालचं पाणी असं सबंध उन्हाळा झाकण लावल्यासारखं बंद होतं. वसंतात जेवढा प्राणवायू विरघळून खाली गेला, त्यावरच त्याला शरद ऋतूपर्यंत भागवावं लागतं. हे लक्षात असू द्या, कारण ईरीचं दुःख यातच आहे.

ईरीचं क्षेत्रफळ सुमारे २५,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ सात गोवे. लांबी ३८८ किलोमीटर, मुंबईहून कोल्हापूरला जाण्याइतकी. एवढ्या पाण्यात एका जागी बसून गळ टाकणाऱ्याने माशाची वाट किती बघायची? त्यापेक्षा आमिषच फिरवत न्यावं, हे उघड आहे. बोट हळू चालवत तिच्यामागे आमिषं ओढत नेण्याच्या या पद्धतीला ट्रोलिंग म्हणतात. आपल्या कोकणातल्या ट्रॉलरशी याची गल्लत होऊ नये. ट्रॉलर जाळं ओढतो आणि वाटेत येईल ते सगळं उचलतो; इथे एकेका दोऱ्याला एकेक आमिष असतं. इंटरनेटवर कुणाला डिवचण्यालाही ट्रोलिंग म्हणतात. त्या वापरामागेही आमिष टाकून कोण गळाला लागतो ते बघण्याचीच कल्पना आहे.

बोटीचा वेग असतो ताशी अडीच ते चार किलोमीटर. माणूस रमतगमत चालतो तेवढा. आमिष म्हणून बहुतेकदा स्पून असतो, म्हणजे बोटाएवढा, किंचित वाकवलेला, रंगवलेला धातूचा पत्रा. पाण्यातून ओढला की तो जखमी माशासारखा डुलतो. हे डुलणं मासा डोळ्यांनी तर बघतोच, शिवाय अंगानेही ओळखतो. माशाच्या दोन्ही कुशींवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ गेलेली दिसते, ती पार्श्वरेखा. तिच्यातल्या सूक्ष्म केसांना पाण्याची बारीकशी हालचालही जाणवते. म्हणून वेग थोडा चुकला आणि स्पून डुलायचा थांबून नुसता गरगरायला लागला, तर तोच पत्रा त्याच माशासमोरून गेला तरी मासा ढुंकून बघत नाही.

आता खोलीचा प्रश्न. हलका पत्रा ओढत नेला तर तो वरच राहणार. त्याला खाली नेण्यासाठी डाउनरिगर नावाचं एक साधं, पण मला फार आवडणारं यंत्र असतं. बोटीच्या काठावर एक चरखी, तिच्यावर पोलादी तार, तारेच्या टोकाला चारपाच किलोचा शिशाचा गोळा. आमिष आधी मागे सोडतात, मग त्याचा तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, गोळ्याजवळच्या एका चिमट्यात अडकवतात आणि गोळा खाली सोडतात. चरखीवरचा काटा किती तार गेली ते दाखवतो. वर काठी तंगूसाच्या ताणाने धनुष्यासारखी वाकलेली असते. खाली मासा आमिषाला झोंबला की हिसक्यासरशी तंगूस चिमट्यातून सुटतो आणि वाकलेली काठी फटकन सरळ उभी राहते. त्या क्षणापासून काठी आणि मासा यांच्यामध्ये गोळा नाही, तार नाही, फक्त तंगूस. मासा किती ओढतोय ते थेट हाताला कळतं.

पण काट्यावर वीस मीटर दिसले म्हणजे गोळा वीस मीटरवर आहे असं नाही. बोट पुढे जाते तेव्हा पाणी तारेला आणि गोळ्याला मागे रेटतं, आणि तार तिरकी होते. पाण्याचा हा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो: वेग दुप्पट, तर रेटा चौपट. थर्मोक्लाइनची जाडी काही मीटरच असते, त्यामुळे दोन मीटरची चूक म्हणजे आमिष भलत्याच ऋतूत.

काही जण गोळ्याऐवजी शिशाचा गाभा असलेला दोरा वापरतात. तो दर दहा यार्डांना, म्हणजे साधारण नऊ मीटरना, वेगळ्या रंगात रंगवलेला असतो. त्यामुळे बोटीवर खोली मीटरमध्ये सांगत नाहीत. ‘पाच रंग सोड,’ एवढंच म्हणतात.

थर्मोक्लाइन कुठे आहे हे कळतं सोनारच्या पडद्यावर. बोटीच्या तळातून ध्वनीचे ठोके खाली जातात, तळावर किंवा माशावर आपटून परत येतात. गोड्या पाण्यात ध्वनी सेकंदाला जवळपास दीड किलोमीटर धावतो, म्हणजे १५ मीटरवरच्या माशाची खबर सेकंदाच्या पन्नासाव्या भागात वर पोचते. पडद्यावर मासा कमानीसारखा दिसतो आणि नवख्यांना वाटतं, ही माशाची पाठ. ती पाठ नसते. ध्वनी शंकूच्या आकारात पसरतो. मासा शंकूच्या कडेला असतो तेव्हा जास्त लांब असतो, बोटीच्या बरोबर खाली आला की सर्वांत जवळ, आणि पलीकडे गेला की पुन्हा लांब. ही अंतरं एकापुढे एक मांडली की कमान होते. या कमानींच्या मागे कधीकधी पडद्यावर आडवा, धुकट पट्टा दिसतो. पाण्याची घनता जिथे बदलते तिथे सूक्ष्म जीव साठतात, आणि ध्वनीचा थोडा भाग त्यांच्यावरून परत फिरतो. तोच थर्मोक्लाइन. नजरेला कुठेही न दिसणारी ऋतूंची सीमा अशी काचेवर उमटलेली बघणं, यात मला विलक्षण काहीतरी वाटतं.

बोटीच्या सावलीला आणि इंजिनाच्या आवाजाला वरच्या थरातला वॉलाय बुजतो. म्हणून दोरे बाजूला लांब न्यायला प्लेनर बोर्ड वापरतात. ही एक तरंगणारी फळी. तिला दोरा असा बांधतात की ती पाण्याला तिरकी राहील. मग पाण्याच्या रेट्याने ती पतंगासारखी बाजूला सरकत जाते, आणि तिच्यामागे आमिषही. आता बोट नागमोडी चालवली की आणखी एक गोष्ट साधते. वळणाच्या बाहेरच्या बाजूची आमिषं वेगाने जातात, आतली रेंगाळतात. मासा आतल्या दोऱ्याला लागला तर आज त्याला संथ आमिष हवंय, बाहेरच्याला लागला तर वेगवान. एकाच वळणात केलेला हा छोटासा प्रयोगच म्हणायचा.

वॉलायच्या डोळ्यांबद्दल मात्र जरा थांबून सांगायला हवं. रात्री दिव्याच्या झोतात ते मांजरासारखे चमकतात. दृष्टिपटलाच्या मागे प्रकाश परतवणारा एक थर असतो. जो प्रकाश पहिल्या फेरीत टिपला गेला नाही, तो तिथून उलटून पुन्हा एकदा दृष्टिपटलावर पडतो. अंधूक उजेडात त्यामुळे वॉलायला त्याच्या भक्ष्यापेक्षा बरंच जास्त दिसतं, आणि म्हणूनच पहाट आणि तिन्हीसांज या त्याच्या शिकारीच्या वेळा. त्याच्या डोळ्याला सर्वांत चांगला दिसतो तो नारिंगी-तांबूस रंग, त्याखालोखाल हिरवा. स्वच्छ पाण्यात तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच विरतो, मग असा डोळा कशासाठी? याचं उत्तर गढूळ पाण्यात आहे. गाळ आणि शेवाळ असलेल्या पाण्यात निळा प्रकाश आधी शोषला जातो आणि हिरवा-पिवळा-नारिंगी प्रकाश त्यामानाने खोल पोचतो. वॉलायचा डोळा अशाच पाण्यासाठी घडलाय. १९८०च्या दशकाच्या अखेरीस जहाजांच्या पाण्यातून झेब्रा शिंपले या सरोवरांत शिरले, त्यांनी पाणी गाळून गाळून नितळ केलं, आणि वॉलाय उजेड टाळायला आणखी खोल सरकला. पाणी नितळ झालं म्हणजे सगळ्यांचंच भलं झालं, असं नसतं.

वसंतात हेच वॉलाय सरोवराच्या पश्चिमेला असतात. तिथे खोली सरासरी सातआठ मीटरच. खडकाळ उथळ जागी आणि मॉमी, सँडस्की या नद्यांमध्ये ते अंडी घालतात. मग पश्चिमेचं पाणी तापू लागतं आणि ते पूर्वेची वाट धरतात. माशांच्या पोटात ध्वनी सोडणारे छोटे टॅग बसवून आणि तळाशी ते ऐकणारी यंत्रं ठेवून शास्त्रज्ञांनी हा प्रवास टिपला आहे. मोठे मासे, त्यातही माद्या, सर्वांत लांब जातात, आणि तो पल्ला तीनशे किलोमीटरपर्यंतही असतो.

वाऱ्याचा हिशेबही ठेवावा लागतो. ईरी नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे पसरलेलं आहे, आणि जोराचे वारेही बरेचदा त्याच दिशेने वाहतात. वरचं कोमट पाणी पूर्वेला ढकललं जाऊन तिथे साठतं आणि थर्मोक्लाइनला खाली दाबतं. वारा पडला की ते पाणी मागे येतं, थर्मोक्लाइन वर उसळतो, आणि परातीत पाणी हिंदकळावं तसा आतल्या आत दिवसेंदिवस हेलकावत राहतो. वर पाणी शांत असतं. काल ज्या खोलीवर मासे मिळाले तिथे आज एकही नसतो, कारण मासे पाण्याबरोबर गेलेले असतात.

मासा वर येतो तेव्हा दोघांमधला फरक पुन्हा दिसतो. तरंगण्यासाठी दोघांच्याही पोटात हवेची पिशवी असते. २० मीटर खोलीवर तिच्यावर पृष्ठभागाच्या तिप्पट दाब असतो. वर आणताना हवा तिप्पट फुगू पाहते. लेक ट्राउटच्या पिशवीपासून अन्ननलिकेपर्यंत एक नळी असते, तो ढेकर दिल्यासारखी हवा सोडून देतो. तो वर दिसण्याआधीच पाण्यावर बुडबुडे येतात. वॉलायला ती नळी नाही. त्याला हवा रक्तावाटे हळूहळूच कमी करता येते, त्यामुळे खोलातून झटकन ओढलेला वॉलाय पोट फुगून उताणा पडतो. त्याला पाण्यात परत सोडणं बहुतेकदा फक्त आपल्या मनाच्या समाधानासाठी असतं. लेक ट्राउटचा धोका वेगळा: दहा अंशांतून एकदम बावीस अंशांत. उन्हाळ्यात तो सोडायचाच असेल तर क्षणाचाही उशीर न करता सोडावा.

आता त्या झाकलेल्या गार पाण्याकडे परत येऊ. ईरीच्या मधल्या भागात खोली वीसबावीस मीटरच आहे. वरचा कोमट थर वजा केला, तर गार थर उरतो जेमतेम काही मीटरचा, आणि प्राणवायूची शिल्लकही तेवढीच. पश्चिमेच्या शेतांमधून फॉस्फरस वाहून येतो, त्यावर नीलहरित शैवाल माजतं. २०१४च्या ऑगस्टमध्ये त्याच्या विषामुळे पश्चिम टोकाच्या टोलेडो शहराच्या परिसरातल्या सुमारे चार लाख लोकांना दोनतीन दिवस नळाचं पाणी पिता आलं नव्हतं. शैवाल मरून तळाशी बसतं, कुजतं, आणि कुजताना तो तुटपुंजा प्राणवायू संपवतं. उन्हाळ्याच्या अखेरीस मधल्या भागात तळाचं पाणी थंड तर असतं, पण त्यात श्वास घेता येत नाही. पूर्वेच्या भागात खोली ६४ मीटरपर्यंत जाते, गार थर जाड आहे, शिल्लक पुरते. लेक ट्राउटला या सरोवरात उन्हाळा काढायला एवढी एकच जागा.

तिथूनही तो एकदा नाहीसा झाला. बेसुमार मासेमारी, बिघडलेलं पाणी, आणि लॅम्प्रे. हा तोंडाच्या चकतीने माशाला चिकटून रक्त पिणारा, बामसारख्या अंगाचा प्राणी. नायगाऱ्याच्या धबधब्याने त्याची वाट अडवली होती. धबधब्याला वळसा घालून जहाजांसाठी काढलेल्या वेलंड कालव्याने ती मोकळी केली आणि १९२१ मध्ये तो ईरीत दिसला. १९६५ च्या सुमारास ईरीत एकही मूळचा लेक ट्राउट उरला नव्हता. १९५७ मध्ये हजारो रसायनं तपासल्यावर लॅम्प्रेच्या अळ्या मारणारं एक रसायन सापडलं. ईरीला मिळणाऱ्या ओढ्यांत त्याचा वापर १९८६ मध्ये सुरू झाला, आणि त्याबरोबरीने हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, वाढवलेली पिल्लं वर्षानुवर्षं सोडली गेली. ती मोठी होत, पण त्यांची स्वतःची वीण इथे होते असा पुरावा मिळत नव्हता. २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या किनाऱ्याजवळ तळाच्या दगडांमध्ये जंगली लेक ट्राउटची इवलीशी पिल्लं सापडली. सुमारे साठ वर्षांत पहिल्यांदा.

हॅचरीतल्या पिल्लांना सोडण्याआधी त्यांचा एक पर कापतात, बहुधा पाठीवर शेपटीच्या अलीकडे असलेला बोटाच्या पेराएवढा मांसल पर. म्हणून डंकर्कच्या बोटीवर आता लेक ट्राउट वर आला की वजन नंतर, आधी त्याला जाळीतच कुशीवर वळवून परांवरून नजर फिरवतात. सगळे पर शाबूत असतील तर तो मासा इथेच, याच तळाच्या दगडांमध्ये जन्मलेला असू शकतो.