फ्राइड राइस
फ्राइड राइस : शिजवून गार केलेला भात मोठ्या आचेवर, थोड्या तेलात, अंडी, भाज्या किंवा मांसाच्या बारीक तुकड्यांबरोबर परतून केलेला पदार्थ. मूळ चिनी. मँडरिनमध्ये त्याला ‘चाओफान’ म्हणतात. ‘चाओ’ म्हणजे परतणे, ‘फान’ म्हणजे भात. उरलेला भात मार्गी लावण्याची ही युक्ती आपल्या फोडणीच्या भातासारखीच आहे, पण कृती नेमकी उलटी. फोडणीच्या भातावर पाण्याचा हबका मारून झाकण ठेवतात, म्हणजे शिते पुन्हा मऊ होतात. इथे झाकण ठेवले की खेळ संपला.

ताज्या गरम भाताची शिते ओलसर आणि चिकट असतात, कढईत पडताच त्यांचा गोळा होतो. भात गार होताना त्यातल्या स्टार्चचे रेणू पुन्हा जवळ येतात, शीत घट्ट होते आणि वरचा ओलावाही सुकतो. म्हणून शिळा भात बरा. आंबेमोहोर चवीला कितीही उत्तम असला तरी या कामाला फार चिकट. कोलम किंवा बासमती घ्यावा.

दोन माणसांना तीन वाट्या भात, दोन अंडी, चार पाकळ्या लसूण आणि पातीचा कांदा पुरतो. भात आधी हाताने मोकळा करून ठेवावा, कारण एकदा सुरुवात झाली की पाच मिनिटांत सगळे आटोपते. लोखंडी कढई चांगली तापवून तेल सोडावे (नॉनस्टिक भांडे रिकामे इतके तापवू नये). फेटलेली अंडी ओतून अर्धवट जमताच बाजूला काढावीत. मग लसूण, पातीचा पांढरा भाग आणि भात. गुठळ्या उलथण्याच्या धारेने तोडाव्यात, दाबू नयेत. भात पसरून अर्धा मिनिट तसाच राहू द्यावा. शिते तडतडू लागली की हलवावा. सोया सॉस भातावर न ओतता कढईच्या तापलेल्या कडेने सोडला, की त्याला खमंग, किंचित करपट वास येतो. शेवटी अंडी आणि हिरवी पात. मीठ चव बघूनच, कारण सोया सॉस खारटच असतो.

चिनी हॉटेलांतल्या धुरकट स्वादाला कँटनीज भाषेत ‘वॉक हेय’ म्हणतात. तिथल्या शेगड्या घरच्या गॅसच्या कितीतरी पट प्रखर असतात. आचारी कढई सेकंदाला सुमारे तीन वेळा झटकतो, असे अशा आचाऱ्यांच्या चित्रणावरून केलेल्या आणि 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. घरी त्याची नक्कल करू नये. चार जणांचा भात दोन खेपांत परतावा, तेवढ्याने बराच फरक पडतो.

जिआंग्सू प्रांतातल्या यांगचौ शहराच्या नावाचा प्रकार सर्वांत प्रसिद्ध. त्यात कोळंबी, हॅम, अंडी असतात आणि रंग फिकट, कारण सोया सॉस बहुधा घालतच नाहीत. इंडोनेशियाच्या ‘नासी गोरेंग’मध्ये गोड, दाट सोया सॉस आणि कोळंबीची आंबवलेली पेस्ट पडते, वर तळलेले अंडे. थाई ‘खाओ फात’मध्ये फिश सॉस, सोबत लिंबू आणि काकडी. फिलिपिन्समध्ये न्याहारीला नुसता लसणीचा ‘सिनांगाग’ करतात. घरी सुरुवात करायला सर्वांत सोपा हाच.

महाराष्ट्रात हा भात ‘चायनीज’च्या गाड्यांमुळे घरोघरी पोचला आणि ‘शेजवान’ झाला. नाव सिचुआन प्रांताचे, पण सुक्या लाल मिरच्या आणि लसणीची ती चटणी भारतीयच. सिचुआनची खरी ओळख असलेले, जीभ बधिर करणारे मिरे त्यात नसते. गंमत म्हणजे त्या मिऱ्याचे सख्खे भावंड, तिरफळ, कोकण-गोव्यात बांगड्याच्या आमटीत पडते.

भात रात्रभर ओट्यावर ठेवणे मात्र धोक्याचे. ‘बॅसिलस सेरियस’ या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत; कोमट भातात ते वाढतात, आणि उलट्या घडवणारे त्यांचे विष पुन्हा परतूनही नष्ट होत नाही. 1970 च्या दशकात ब्रिटनमध्ये चिनी हॉटेलांतल्या फ्राइड राइसमुळे विषबाधा झाल्या, त्यांचे कारण हेच निघाले. शिजलेला भात परातीत पसरून लवकर गार करावा, तासाभरात फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा.